स्पॉटलाइट लागत नाही? आधी रिलेचा आवाज ऐका

जुनी जिप्सी किंवा थार घेतली की नव्या मालकाची पहिली खरेदी बहुधा पुढच्या बंपरवरच्या दोन स्पॉटलाइटची असते. पहिला पावसाळा सरेपर्यंत त्यातली एक तरी बंद पडते. मग बल्ब बदलला जातो. त्याने काही झालं नाही की रिले (स्विचच्या छोट्या करंटने दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), मग स्विच, आणि शेवटी कुणीतरी सांगतं, "सगळं वायरिंग काढून नवीन टाका." एवढा खर्च झाल्यावर कळतं की बंपरमागचं एक थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) गंजलं होतं.

हे टाळायचं तर दोष कुठल्या बाजूला आहे, हे सुटा भाग विकत घेण्याआधी ठरवायचं. त्यासाठी फार वीजशास्त्र लागत नाही. स्पॉटलाइटचं वायरिंग म्हणजे मुळात दोन वेगळी सर्किट असतात आणि ती रिलेत भेटतात, एवढं डोक्यात बसलं की पुरे.

जोडणी कशी असते

दोन ५५ वॉटचे हॅलोजन दिवे, एक रिले, एक फ्यूज आणि डॅशबोर्डवर स्विच, ही सर्वांत जास्त दिसणारी जोडणी आपण गृहीत धरू. रिलेच्या बुडाशी बारीक आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. बहुतेक कंपन्यांच्या रिलेवर हे आकडे तेच राहतात.

जाड वायरचं सर्किट असं जातं: बॅटरीचा प्लस, फ्यूज, रिलेची ३० नंबरची पिन, रिलेच्या आतला कॉन्टॅक्ट, ८७ नंबरची पिन, दोन्ही दिवे आणि तिथून अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट. ११० वॉटला १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर लागतात. ते सगळे या वायरमधून वाहतात.

बारीक वायरचं सर्किट म्हणजे स्विचमधून येणारा करंट. तो ८६ वर येतो, रिलेच्या कॉइलमधून जातो आणि ८५ वरून अर्थिंगला मिळतो. हा करंट पाव अँपिअरही नसतो. कॉइलला करंट मिळाला की आतली पट्टी ओढली जाते, ३० आणि ८७ जुळतात आणि "टिक" असा आवाज येतो. पुढचा सगळा तपास या "टिक"वर उभा आहे.

हाताशी काय हवं

साधा मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (टोकदार सळीत छोटा बल्ब आणि मागे क्लिपची वायर) आणि मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज बसवलेली दोन-तीन मीटर वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. शिवाय पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. टेस्ट लॅम्प जुनाट वाटतो, पण नवशिक्याने मीटरपेक्षा त्याच्यावर जास्त विसंबावं. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्पला पेटायला खरा करंट लागतो. तिथे तो मिणमिणला की समजावं, पुढे काहीतरी अडलंय.

मीटर ओहमवर ठेवून बल्ब मोजायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ५५ वॉटच्या बल्बचा हिशेबाने येणारा रोध २.६ ओहम, पण तो तापलेल्या फिलामेंटचा. थंड बल्ब त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास दाखवतो आणि नवखा माणूस "शॉर्ट आहे" म्हणून चांगला बल्ब फेकून देतो. बल्ब तपासायचा तर थेट बॅटरीला लावून बघा. काच मात्र बोटांनी धरू नका. हॅलोजनच्या काचेवर तेलकट ठसा राहिला की ती त्या जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

टिक होते का?

इंजिन बंद, चावी ऑन, बॉनेट उघडं. एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने रिलेवर बोट ठेवायचं. घाटात गाड्यांचा आवाज असेल तर कानापेक्षा बोट बरं. टिक बोटाला स्पष्ट जाणवते. स्विच हाय बीमवर अवलंबून असेल तर अप्पर मारून बघा, नाहीतर बिचाऱ्या रिलेला उगाच दोष लागेल.

टिक झाली नाही तर दोष बारीक वायरच्या सर्किटमध्ये. टिक झाली आणि उजेड नाही तर जाड वायरच्या. अर्धं वायरिंग इथेच तपासातून बाद होतं.

टिक होत नाही तेव्हा

मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला लावून ठेवा. स्विच ऑन करून लाल पिन सॉकेटच्या मागून ८६ च्या वायरला टेकवा.

तिथे काहीच नसेल तर स्विचकडे मागे मागे जायचं: स्विचमधून बाहेर येणारी वायर, आत जाणारी वायर, आणि ती जिथून घेतली आहे तिथला फ्यूज. कुठे १२ व्होल्ट आहेत आणि कुठे गायब होतात, त्यामध्येच दोष सापडतो.

८६ वर १२ व्होल्ट असतील तर लाल पिन ८५ वर न्या. तिथे शून्याच्या आसपास असायला हवं. तिथेही १२ दिसले तर ८५ चं अर्थिंग तुटलंय. करंटला पुढे जायला वाट नसल्यामुळे कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज दिसतो. हे पहिल्यांदा बघणारा गोंधळतो, कारण "सगळीकडे सप्लाय येतोय, मग रिले गेलाय" असं वाटतं. ८५ बॅटरीच्या मायनसला तात्पुरतं जोडून बघा, टिक होईल. ८६ वर १२, ८५ वर शून्य आणि तरीही टिक नाही, तर मात्र रिले खरंच गेला.

नवीन रिले घेताना त्यावर छापलेली आकृती बघा. काहींच्या कॉइलवर डायोड असतो. अशा रिलेत ८६ ला प्लसच लागतो. उलटं जोडलं तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो.

डॅशबोर्डवरच्या तीन पिनांच्या दिवेवाल्या रॉकर स्विचबद्दल एक गोष्ट. बऱ्याच स्विचांत दोन पिना चंदेरी आणि एक पितळी रंगाची असते. पितळी पिन स्विचमधल्या छोट्या दिव्याच्या अर्थिंगची. ती मोकळी सोडली तर स्विच चालतो, फक्त त्याचा दिवा लागत नाही. पण रिलेकडे जाणारी वायर पितळीवर आणि अर्थिंग चंदेरीवर लागलं, तर स्विच दाबताच प्लस सरळ अर्थला जातो आणि फ्यूज उडतो. "स्विच लावल्या लावल्या फ्यूज जातो" या तक्रारीत आधी हेच बघावं.

टिक होते, उजेड नाही

इथे दोन-चार मिनिटांचा एक प्रयोग सगळ्यात आधी करा. स्विच ऑन ठेवून, फ्यूजवाल्या वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं न लागणाऱ्या दिव्याच्या अर्थिंगच्या वायरला लावा. दिवा लागला? मग बल्ब, रिले, स्विच, फ्यूज सगळे निर्दोष. अर्थिंग गेलंय.

बंपरवरच्या दिव्यांचं अर्थिंग इतकं का जातं, हे बंपर नीट पाहिला की कळतं. पोलादी बंपरला पावडर कोटिंग असतं आणि ते वीज वाहत नाही. बसवणाऱ्याने थिंबल त्या कोटिंगवरच बोल्टने आवळलेलं असतं. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा संपर्क होतो आणि दिवे लागतात. मग मुळशीच्या चिखलात दोन चकरा होतात, थिंबलखाली पाणी शिरतं आणि गंजाचा पापुद्रा येतो. काही गाड्यांत बंपर किंवा दिव्याचा ब्रॅकेट रबरी बुशांवर बसतो. तिथे तर गाडीच्या चासीशी धातूचा धातूला संबंधच नसतो. म्हणून स्पॉटलाइटचं अर्थिंग बंपरवर घेऊच नये. दोन्ही दिव्यांची मायनस वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणावी. दोन मीटर वायर जास्त लागते, एवढंच.

अर्थिंग जोडूनही दिवा लागला नाही तर रिले सॉकेटमधून काढा. टेस्ट लॅम्पची क्लिप मायनसला लावून टोक ३० च्या खाचेत घाला. लॅम्प लख्ख पेटायला हवा. पेटत नसेल तर फ्यूज आणि त्याचा होल्डर बघा. फ्यूज वरून चांगला दिसतो आणि होल्डरमधली पिन मात्र वितळलेली किंवा सैल झालेली असते.

३० वर सप्लाय असेल तर फ्यूजवाल्या वायरने ३० आणि ८७ च्या खाचा जोडा. दिवे लागले तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत. टिक होते म्हणजे रिले चांगला, असं नाही. टिक कॉइलची असते, कॉन्टॅक्टची नाही. खाचा जोडताना आकडे दोनदा वाचा, कारण ३० चुकून ८५ ला जोडलं तर बॅटरी थेट शॉर्ट होते. हातातल्या वायरमध्ये फ्यूज असायला हवा तो यासाठीच.

तरीही अंधार असेल तर ८७ पासून दिव्यापर्यंतची वायर तपासा. दोन्ही दिवे बंद असतील तर जिथे एका वायरच्या दोन होतात तो जोड बघा. एकच बंद असेल तर त्याच दिव्याचा प्लग आणि बल्ब.

दिवा लागतो, पण पिवळट

समजा, दिव्याचा प्लग काढून तुम्ही मीटर लावला आणि १२.४ व्होल्ट दिसले. सगळं ठीक वाटतं. आता प्लग परत बसवा आणि दिवा चालू असताना मागच्या बाजूने मोजा. ८ दिसले तर उरलेले ४.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन वाया जातायत. प्लग काढून घेतलेल्या मोजमापाला म्हणूनच फारशी किंमत नाही. तपास भार असतानाच करायचा.

कुठे वाया जातायत ते शोधायला दिवे चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्याच्या प्लसवर ठेवा. मीटर जे दाखवेल ते प्लसच्या वाटेवरचं नुकसान. मग एक पिन दिव्याच्या मायनसवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ते अर्थिंगचं नुकसान. प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थिंगला ०.२ व्होल्ट, इथपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त दिसलं तर एक पिन तिथेच ठेवून दुसरी एकेक जोड पुढे सरकवत न्या. ज्या जोडापाशी आकडा उडी मारतो, तो जोड सोलून बघा. टेपखाली हिरवी पूड झालेलं तांबं दिसेल.

सगळे जोड चांगले आणि तरीही उजेड कमी, तर वायर बारीक आहे. १ चौरस मिमीच्या वायरमधून १० अँपिअर तीन मीटर जाऊन तीन मीटर परत आले तर एक व्होल्टहून थोडं जास्त वाटेतच जातं. तेच २.५ चौरस मिमीत अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं. एक व्होल्टाने काय होतं असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. १०० वॉटचे बल्ब टाकून हे दुखणं बरं होत नाही, करंट वाढतो आणि वाटेतलं नुकसानही वाढतं.

एलईडी बारचं वागणं वेगळं. चांगल्या बारमधला ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट) व्होल्टेज घसरलं तरी उजेड टिकवून धरतो आणि त्यासाठी जास्त करंट ओढतो. त्यामुळे खराब जोड मंद उजेडातून दिसत नाही. तो गरम होतो, किंवा बार एकदम लुकलुकायला लागतो. आणि एलईडीला प्लस-मायनस उलटं चालत नाही. नवा बार अजिबात लागत नसेल तर आधी तेच बघा.

फ्यूज उडतो

११० वॉटला १५ अँपिअरचा, म्हणजे निळा ब्लेड फ्यूज. १० चा लाल, २० चा पिवळा, ३० चा हिरवा असतो. निळा उडाला म्हणून हिरवा घालणारे कमी नाहीत. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. बारीक वायरवर ३० चा फ्यूज घातला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर पेटते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुणीच वाली नसतो.

फ्यूज कधी उडतो यावरून जागा कळते. स्विच बंद असतानाही उडत असेल तर शॉर्ट फ्यूज आणि रिलेच्या ३० पिनच्या मध्ये. स्विच लावताच उडत असेल तर ८७ च्या पुढे. फक्त खडबडीत रस्त्यावर उडत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याला घासतेय. आणि आधीच्या मालकाने १०० वॉटचे बल्ब टाकले असतील तर शॉर्ट वगैरे काहीच नाही. दोघांना मिळून १६ अँपिअरहून जास्त लागतात, १५ चा फ्यूज जाणारच.

शॉर्ट शोधताना फ्यूजची पुडी संपवू नका. दोन्ही दिव्यांचे प्लग काढा आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून बसवा. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल आणि तोच करंट रोखून धरेल, वायर जळणार नाही. आता वायरिंग एका टोकापासून हाताने हलवत चला. रेडिएटरच्या चौकटीची कड, बॉनेटचा बिजागर, विंचची प्लेट, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) न घालता पत्र्याच्या भोकातून ओवलेली वायर, या नेहमीच्या जागा. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो, तिथे इन्सुलेशन सोललेलं असणार.

विचित्र लक्षणं

स्विच बंद असताना दिवे चालू आणि चालू केल्यावर बंद: पाच पिनांच्या रिलेत वायर ८७ ऐवजी ८७ए वर लागली आहे. ८७ए रिले झोपलेला असताना जोडलेली असते.

दिवे विझतच नाहीत, रिलेला टिचकी मारली की विझतात: कॉन्टॅक्ट चिकटलेत. रिले बदला, दुरुस्त करू नका.

स्पॉटलाइट लावली की पार्किंगचा दिवा मिणमिणतो: दोघांचं अर्थिंग एकत्र आहे आणि ते गेलंय, म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय.

स्विच बंद करूनही रात्री एलईडी बार अंधुक उजळलेला: बार रिलेशिवाय थेट दिवेवाल्या स्विचवर जोडला असेल तर स्विचमधल्या दिव्यातून गळणारा थोडासा करंटही त्याला पुरतो.

सगळ्यात डोकं खाणारा प्रकार हाय बीमवरून ट्रिगर (रिलेच्या कॉइलला लागणारा सप्लाय) घेतलेल्या गाड्यांत होतो. टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरसारख्या काही जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस देत नाही, अर्थ देतो. तिथे हेडलाइट चालू असताना हाय बीमच्या वायरवर अप्पर असेल तर शून्याच्या आसपास आणि डिपरला १२ व्होल्ट दिसतात. नेहमीसारखी जोडणी केली तर स्पॉटलाइट नेमकी डिपरला लागते आणि अप्पर मारल्यावर विझते. वायरिंग चुकलेलं नाही, गाडीच तशी आहे. बल्बच्या प्लगवर आधी मोजा. अशा गाडीत ८६ ला हेडलाइटचा कॉमन प्लस द्या आणि ८५ अर्थिंगऐवजी हाय बीमच्या वायरला जोडा.

नव्या गाड्यांत हेडलाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, चालवतं. तिथे हेडलाइटची वायर सोलून ट्रिगर घेतला तर रिले मधमाशीसारखा गुणगुणतो, कारण काही गाड्यांत तो सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतो. वॉरंटीचा प्रश्न उरतो तो वेगळाच. अशा गाडीत चावी ऑन केल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायर देणारा जोड) ट्रिगर घ्यावा, आणि मॉड्यूलच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावूच नये.

कायम चालू सप्लायवरून ट्रिगर घेऊ नका. स्विच चालू राहिला तर बॅटरी दिवेच रिकामी करतील. पण दिव्यांचा फ्यूज काढून ठेवला आणि स्विच विसरला, तरी नुसती कॉइल दिवसाला साडेतीन अँपिअर-तास खाते.

हेही माहीत असू द्या: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट बसवता येत नाही. परवानगी असली तरी डिपर मारताच स्पॉटलाइट विझेल अशी जोडणी ठेवा. ताम्हिणीच्या वळणावर समोरच्या एसटी ड्रायव्हरचे डोळे दिपवण्यात आपलंही भलं नाही. दाट धुक्यात तर त्या बंदच बऱ्या, उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

जोडताना

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस काढा. फक्त मोजताना लावा. वायरी पिळून टेप गुंडाळलेला जोड बॉनेटच्या उष्णतेत सुटतो, टेपचा गोंद वितळून चिकट लगदा होतो. थिंबल योग्य क्रिंपरने दाबा, पक्कडीने नको, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. हिरवी पडलेली वायर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. ओल इन्सुलेशनच्या आतून बरीच लांब चढलेली असते. अर्थिंगच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासा, बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. रिले सॉकेटच्या वायरी खालच्या बाजूने निघतील असा टांगा, म्हणजे पाणी आत न जाता ओघळून जाईल.

सगळं झालं की इंजिन चालू करून पंधरा मिनिटं दिवे लावून ठेवा. पंख्यापासून हात सांभाळत फ्यूज होल्डर, रिले सॉकेट, दिव्यांचे प्लग आणि अर्थिंगचा बोल्ट चाचपा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तो जोड परत करा. फ्यूज होल्डरच तापत असेल तर बदला, आणि नवा घेताना त्याच्या वायरचं टोक दुकानातच सोलून बघा. जाडजूड प्लास्टिकच्या आत मोजून चार तारा असलेले होल्डर सर्रास विकले जातात.